पंधराव्या चालीनंतर

तुम्ही आत्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. तशी ती माझी सख्खी आत्या नव्हे. तो दिवा जरा इकडे सरकवा आणि आवाज हळू ठेवा. ती आत पडली आहे, आणि तिच्यासमोर मी हा विषय काढत नाही.

त्या रविवारी मी एका म्हाताऱ्या माणसाची माफी मागायला निघाले होते. काम एवढंच. सकाळी आठची बस, साडेसहा तासांचा प्रवास, माफी मागायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. पिशवीत पाण्याची बाटली, मफलर आणि रबर लावलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा.

माझे बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या मागच्या बाजूला घासायचं यंत्र, त्यावर दिवसभर ठिबकणारं पाणी आणि पॉलिशची लाल पूड. ती पूड बाबांच्या नखांत असायची, कानांच्या पाळ्यांवर असायची. ते जवळ आले की ओल्या दगडासारखा वास यायचा. मी त्यांच्या हाताखालीच शिकले. आता दुकान मीच चालवते.

काचांच्या कपाटावर बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला असे. त्याला हात लावायला, त्याची धूळ पुसायला, इतकंच काय, त्याच्या दिशेनं तोंड करून शिंकायलाही घरात बंदी होती. लहानपणी एकदा मी प्रेमानं तो पुसून काढला आणि एक हत्ती चुकून शेजारच्या घरात ठेवला. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चूक कळली तेव्हा मला रागावण्याऐवजी म्हणाले, "घड्याळजींनी मला फसवलं असं वाटायला लागलं होतं गं. त्या माणसाबद्दल असा विचार माझ्या मनात आलाच कसा?"

घड्याळजी म्हणजे बाबांचे प्रतिस्पर्धी. दूरच्या एका गावात घड्याळं दुरुस्त करायचे. दोघं पोस्टानं बुद्धिबळ खेळायचे. एका कार्डावर एक चाल. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकडे, म्हणून चाल म्हणजे चार आकडे: कुठून निघालो आणि कुठे पोचलो. त्याखाली एखादी ओळ. 'गुडघा कसा आहे, काचवाले?' 'खोकला पाठ सोडत नाही, घड्याळजी?' बास. कार्ड जायला चार दिवस, यायला चार दिवस, मध्ये विचाराला पाचसहा. एकेक डाव दीड-दोन वर्षं चालायचा. असं एकोणीस वर्षं चाललं. एकमेकांचा चेहरा दोघांनीही कधी पाहिला नव्हता. दर वर्षाच्या शेवटच्या कार्डावर एकाचं वाक्य असे, 'पुढच्या वर्षी नक्की येतो', आणि दुसऱ्याचं, 'या, वाट बघतो.' मग दुकानं, दुखणी, आणि वर्ष निघून जायचं.

बाबांकडे पांढऱ्या सोंगट्या असल्या की पहिलं कार्ड ठरलेलं: ३२३४. मधली प्यादी सोडून द्यायची आणि बाजूचं, वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे. घड्याळजींचं उत्तरही ठरलेलं: ३७३५. तेच प्यादं, त्यांच्या बाजूनं. मग इकडचा घोडा निघाला की तिकडचा घोडा, इकडचा उंट कोपऱ्याजवळ दबा धरून बसला की तिकडचाही.

"बाबा, हे तर तुमची नक्कल करतात," मी एकदा म्हटलं.

"नक्कल कसली? आरसा आहे तो," बाबा म्हणाले. "पण आरशातला माणूसही कधी ना कधी डोळा मिचकावतोच. कोण आधी मिचकावतो, तेवढंच बघायचं." आणि नाकातून फुस्स करून हसले. त्यांचं हसू असंच होतं. सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं.

मागच्या वर्षी, नव्या डावाच्या पाचव्या चालीला, बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलमध्ये मी पट त्यांच्या पोटावर धरायची, ते डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचे आणि चार आकडे मी लिहायची. त्यांच्या अक्षरात. कारण बाबांनी डोळ्यांनीच तशी खूण केली होती: त्याला काळजी नको. चष्म्याच्या नंबरांच्या चिठ्ठ्या लिहून लिहून त्यांचे आकडे माझ्या हातात बसलेच होते. सहावी चाल अशी गेली, सातवी गेली. आठवीच्या आधी बाबा गेले.

त्यांना पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी घड्याळजींचं कार्ड आलं. सातव्या चालीचं उत्तर, आणि खाली, 'तुमचे आकडे थरथरायला लागलेत, काचवाले. तब्येत सांभाळा. तुमच्याशिवाय मला कोण हरवणार?'

मी ते कार्ड घेऊन जिन्यातच बसले. कसं कळवायचं? चार आकड्यांच्या जागी काय लिहायचं? एकटा म्हातारा माणूस, पंधरा दिवसांतून एकदा पोस्टमनची वाट बघणारा. शेवटी मी वर गेले, पटासमोर बसले आणि आठवी चाल स्वतःच खेळले. खाली लिहिलं, 'आता बरा आहे.'

खोटंच. पण पोस्टात टाकलं तेव्हा मला बरं वाटलं. बाबा गेल्यापासून सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते. त्यांच्याशी बोलणारा हा एकटाच उरला होता.

मला खेळ येतो, पण जेमतेम. नवव्या चालीपासून मी मुद्दाम साध्यासुध्या चाली खेळले. घड्याळजी त्या सगळ्यांची नक्कल करत राहिले. अगदी आंधळेपणानं. मला थोडं आश्चर्य वाटलं. आकडे जरा वेडेवाकडे, आणि खालच्या ओळीही कोरड्या झाल्या होत्या: 'ठीक.' 'थंडी आहे.' मला वाटलं, म्हातारपण. असं करत चौदा चाली झाल्या. पंधरावीला मला एक संधी दिसली आणि मी घोड्यानं शह दिला. शहाची नक्कल करता येत नाही. आधी राजा वाचवावा लागतो.

त्या वेळी उत्तर यायला महिना लागला. आलं ते असं, की बघतच राहिले. राजा एक घर बाजूला, आणि माझाच घोडा अडकलेला. आकडे पुन्हा पूर्वीसारखे ठाम, रेखीव. खाली ओळ: 'खोकला पूर्ण थांबला, काचवाले. काय सांगू, किती हलकं वाटतंय!'

मला इतका आनंद झाला म्हणता! चांगला डॉक्टर मिळाला असेल, म्हटलं. आणि गंमत बघा, त्यानंतर मीही बरी खेळायला लागले. संध्याकाळी दुकान बंद करून पटासमोर बसलं की चाल आपोआप सुचायची. बाबांचे आकडे काढायला कष्ट पडेनात. हात सरळ चालायचा. सोळा, सतरा, अठरा... बाविसाव्या चालीच्या उत्तराखाली लिहून आलं, 'डाव संपत आला. शेवट तरी समोरासमोर बसून करू. येत्या रविवारी दुपारी तीनला या.'

मग मात्र मला झोप येईना. बाबा कुठून जाणार? म्हणून मी निघाले. त्यांच्यासमोर बसायचं, सगळं खरं सांगायचं, आणि पाया पडायचं.

बसमधून उतरले तेव्हा अडीच वाजले होते, पण उजेड संध्याकाळचा होता. थंडीचे दिवस. सकाळचं धुकं विरलंच नव्हतं. रस्ता चढाचा, अरुंद. रविवार म्हणून दुकानं बंद. एका न्हाव्याच्या दुकानाच्या काचेमागे रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. पुढे एक पुस्तकं बांधणारा, त्याच्या पायरीवर मांजर. आणि शेवटी ती पाटी, घड्याळाच्या तबकडीच्या आकाराची. दाराची कडी वाजवायला मी हात उचलला, तोच दार उघडलं.

पासष्टीच्या एक बाई होत्या. अंगावर शाल, गळ्यात शिंपिणीची मोजपट्टी, जणू शिवता शिवता उठून आल्या होत्या.

"काचवाल्यांची मुलगी ना?" त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "वडील... मागून येतायत?"

त्यांनी मला हात धरून आत घेतलं.

आत तेलाचा आणि पितळेचा वास होता. चारही भिंतींवर घड्याळं, खालपासून वरपर्यंत, आणि एकही चालू नव्हतं. इतकी घड्याळं आणि इतकी शांतता, कसं सांगू तुम्हाला... कानात दडे बसल्यासारखं झालं.

"चावी देत नाही मी आता," बाई म्हणाल्या. "बसा. आधी मला बोलू द्या, नाहीतर धीर सुटेल. तुमच्या वडिलांची मी माफी मागणार होते. घड्याळजी माझा थोरला भाऊ. दादा. तो... तो गेला हो. नऊ महिने झाले. खोकल्यानंच गेला."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"शेवटी शेवटी सारखं म्हणायचा, काचवाल्यांना कळवू नकोस, आधीच त्यांचे आकडे थरथरतायत. मला कळवायचा धीर झाला नाही. मग मीच लिहीत राहिले. मला हा खेळ येत नाही हो! नुसतं बघून बघून घोडा कुठला, हत्ती कुठला एवढं कळतं. तुमचे वडील जे करतील तेच मी आपल्या बाजूनं करायचे. दादाचं तेच चालायचं ना सुरुवातीला! मला वाटलं, असंच चालत राहील."

मला आधी हसू आलं. खरंच सांगते. आणि हसता हसता रडू आलं. "आत्या," मी म्हटलं. बाबांच्या मित्राची बहीण, दुसरं काय म्हणणार? "आत्या, बाबापण गेले. आठव्या चालीच्या आधी. तेव्हापासून मी लिहितेय."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. त्या मला 'अगं बाळ, अगं बाळ' म्हणत होत्या आणि त्यांच्या शालीनं माझंच नाक पुसत होत्या. दोन म्हाताऱ्यांना जपायला आम्ही दोघी महिनोन् महिने एकमेकींना फसवत होतो. त्या बंद घड्याळांच्या खोलीत मला कित्येक महिन्यांनी घरी आल्यासारखं वाटलं.

डोळे पुसून मी म्हटलं, "पण आत्या, मानलं तुम्हाला. खेळ येत नाही म्हणता, आणि शहानंतरच्या चाली काय जबरदस्त होत्या!"

"शहानंतरच्या?"

"पंधरावीच्या पुढच्या."

त्या हळूच माझ्यापासून दूर झाल्या. "मी पंधरावीला थांबले, बाळ. शह आला आणि नक्कल करता येईना. दहादा बसले, दहादा उठले. शेवटी ते कार्ड खणात टाकलं. उत्तर पाठवलंच नाही."

मी पिशवीतून गठ्ठा काढला. रबर सोडलं. त्यांच्यासमोर ती कार्डं एकेक करून ठेवली. पंधरा, सोळा, सतरा... बाविसावं. त्यांनी चष्मा लावला. आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हे दादाचं अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "माझं नाही. मला दादासारखा सात कधी जमला नाही."

मग त्या उठल्या आणि शिवणाच्या डब्यातून त्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. माझी कार्डं. बाबांच्या नावानं मी पाठवलेली.

"मी उत्तर दिलं नाही तरी ही येतच राहिली. मला वाटलं, म्हातारा माणूस, बिचारा एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत असेल. माझ्यामुळे. म्हणून तर मला जास्तच लाज वाटायची..."

मी वरचं कार्ड उचललं. सोळावी चाल. आकडे माझे होते. बॉलपेननं काढलेले, मला ओळखू येत होते. पण त्याखाली एक ओळ होती, जांभळ्या शाईची. शाईचं पेन फक्त बाबा वापरायचे. ते बाबांबरोबर गेलं, त्यांच्या खिशात मीच ठेवलं होतं.

'गुडघा आता मुळीच दुखत नाही, घड्याळजी. जिने चढतो उतरतो.'

पुढच्या कार्डावर: 'तुमच्या या चालीवर खूप हसलो.' त्याच्या पुढच्यावर: 'मुलगी चांगली खेळते, फक्त घाई करते. मी हात धरतो.'

खरंच सांगते, मला तेव्हा भीती वाटली नाही. मी त्या ओळीवर नुसता हात ठेवून बसले.

"आणि हे परवा आलं," आत्या अगदी हळू म्हणाल्या. शेवटचं कार्ड. त्यावर आकडे नव्हतेच. हे कार्ड मी लिहिलंच नव्हतं. 'रविवारी तीनला येतो. मुलगी सोबत आहे. तिच्या चहात साखर घालू नका, तिला चालत नाही.'

बाहेर कुठेतरी तीनचे ठोके पडले.

"पट कुठे आहे, आत्या?"

"मागच्या खोलीत. शह आल्यापासून तसाच आहे. मी तिकडे गेलेच नाही."

दुकानाच्या मागे एक छोटा बोळ होता, त्याच्या टोकाला स्वयंपाकघर, आणि बोळातच त्या खोलीचं दार. दोन फळ्यांचं जुनं दार. एक फळी वरखाली कडी घालून कायमची बंद, दुसरीतून ये-जा. आत्यांनी ती फळी किंचित ढकलली. धुक्यातून येणारा करडा उजेड. खिडकीजवळ टेबल, दोन बाजूंना दोन खुर्च्या, टेबलावर पट. मी दारातूनच बघितलं. पटावर पंधरावी चाल नव्हती. बाविसावी होती. माझ्या कपाटावर आहे तशीच, एकूण एक सोंगटी जागच्या जागी. आणि पटाशेजारी एक घड्याळ, दोन तबकड्यांचं, वर दोन बटणं.

"ते दादानं बनवलं होतं," आत्या म्हणाल्या. "समोरासमोर खेळताना वापरतात म्हणे. आपली चाल झाली की आपलं बटण दाबायचं, म्हणजे दुसऱ्याचं घड्याळ सुरू होतं. काचवाले येतील तेव्हा लावू, म्हणायचा. दर वर्षी तेल घालायचा. कधी चालवलं नाही."

त्यांनी फळी पुन्हा ओढून घेतली. का, ते मी विचारलं नाही. "चहा करू," त्या म्हणाल्या.

त्यांनी पाणी ठेवलं. मी कप धुतले. पाण्याला आधण यायच्या आत बोळातून आवाज आला.

खट्.

आणि मग टिकटिक. बारीक, एकसारखी. त्या घरात नऊ महिन्यांनी कुठलंतरी घड्याळ चालू झालं होतं.

आत्यांनी गॅस बंद केला. आम्ही ऐकत राहिलो. बराच वेळ नुसती टिकटिक. मग लाकडावरून काहीतरी सरकल्याचा आवाज. सोंगटीच्या बुडाला मखमल लावलेली असते ना, तसा, मऊ. आणि पुन्हा, खट्.

"आत्या..."

"हळू बोल..."

"तिथे..."

"हो, बाळ..."

मी बोळात गेले. पाय वाजू न देता. आत्या माझ्या मागे, माझं मनगट धरून. दाराच्या फटीतून एक वास येत होता. ओला दगड. लाल पूड. मी खाली बसले, त्या बंद फळीला टेकून, आणि लाकडाला कान लावला.

सरकलं. खट्. टिकटिक. सरकलं. खट्.

कोणी खोकत नव्हतं.

मी उघडणाऱ्या फळीकडे हात नेला. मला फक्त एकदा बघायचं होतं. बाबांची उजवी बाजू, ती हलते का, एवढंच बघायचं होतं. आत्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"नको गं..." त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. त्यांचे गाल ओले होते. "एकोणीस वर्षं वाट बघितली दोघांनी. आपण गेलो तर उठतील. खेळू दे..."

माझा हात खाली आला. पण तोंड गप्प बसेना.

"बाबा," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "मी इथे आहे हं. बाहेर बसलेय."

सगळं थांबलं. सरकणं थांबलं. फक्त टिकटिक. मी श्वास धरून बसले. मग आतून आवाज आला. फुस्स. नाकातून, हवा सोडल्यासारखा.

मी तोंडात मफलर कोंबून रडले. त्यापुढे किती वेळ गेला माहीत नाही. उजेड कमी होत गेला. आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांचा हात माझ्या केसांवरून फिरत होता, आणि आत सरकणं, खट्, सरकणं, खट्, कधी भराभर, कधी दहा-दहा मिनिटांनी. मध्येच मला वाटलं, याहून सुखाचं दुसरं काही असू शकत नाही. मग एक चाल झाली, पण बटण दाबलं गेलं नाही. टिकटिक थांबली. वास गेला. लाकडाला टेकलेला माझा कान एकदम गार पडला.

"झालं," आत्या म्हणाल्या.

आम्ही उठलो. आत्यांनी फळी ढकलली आणि दिवा लावला.

पट जवळजवळ रिकामा होता. मेलेल्या सोंगट्या दोन्ही बाजूंना नीट रांगेत लावलेल्या. पटाच्या मधोमध दोन्ही राजे, पांढरा आणि काळा, एकमेकांना खेटून उभे. बरोबरी झाली की असे ठेवतात. बाबांनीच शिकवलं होतं.

"कोणीच हरलं नाही," मी म्हटलं.

आत्या हसल्या. भावाच्या खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. मी बाबांच्या. दोन्ही खुर्च्या गारठलेल्या होत्या, जशा त्या थंडीत असायला हव्यात तशा. मी एक राजा उचलला, आत्यांनी दुसरा. "चल माझ्याबरोबर," मी त्यांना म्हटलं, "इथे एकटी राहून काय करणार? माझं घर मोठं आहे." मी कधी त्यांना अगंतुगं करायला लागले, मलाच कळलं नाही. त्यांनी मानेनं हो म्हटलं. खरंच, तेव्हा आम्हा दोघींनाही इतकं हलकं वाटत होतं.

आम्ही जायला वळलो. आणि आत्या जागच्या जागी थांबली.

दाराच्या बंद फळीमागे, आत येताना दिसणार नाही अशा जागी, आणखी एक खुर्ची होती. साधी, लाकडी, ठेंगणी.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"आमची नाही..." आत्या म्हणाली. "या घरात अशी खुर्ची नाही..."

तिची पाठ पटाकडे होती. ती खेळ बघायला ठेवलेली नव्हती. ती दाराकडे तोंड करून होती, फळीला इतकी लागून, की बसणाऱ्याचे गुडघे लाकडाला टेकले असते. त्याच फळीला बाहेरून टेकून, कान लावून, मी दुपारभर बसले होते.

आत्यानं वाकून बसायच्या जागेवर तळहात ठेवला. लगेच काढून घेतला. माझ्याकडे बघितलं. मग मीही हात लावून बघितला.

ती गरम होती.